पनवेलचा बाक आणि ऊन पाणी

पनवेल कशासाठी प्रसिद्ध आहे, असं कुणी विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. एक्स्प्रेसवे, फार्महाऊस, कर्नाळा, हल्ली विमानतळ. हार्बर लाइनवाल्यांसाठी तर पनवेल म्हणजे गाडीत डोळा लागला तरी चालेल असं शेवटचं स्टेशन. माझं सगळं आयुष्य खांदा कॉलनीत गेलं, पण पनवेलचं नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना पाठ आहे हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. तेही एका रिलीजच्या रात्री, बिल्ड पूर्ण होईपर्यंत मोबाइलवर काहीतरी वाचत बसले होते म्हणून.

त्या नावाला ते 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. आपण पनवेलचा बाक म्हणू.

हे नाव रूढ केलं जॉन बिकनेल ऑडन या माणसाने. तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात म्हणजे जीएसआयमध्ये होता. १९४९ साली पश्चिम भारतातल्या डाइकांवर, म्हणजे जुन्या खडकाच्या भेगांत घुसून भिंतीसारख्या थिजलेल्या लाव्हावर, त्याने एक निबंध लिहिला आणि त्यात हा बाक पनवेलच्या नावाने नोंदवला. खडक असे कललेले आहेत हे त्याच्याही आधी, १८६०च्या दशकात, ब्लॅनफर्डने लिहून ठेवलं होतं, पण नाव ऑडनचं चिकटलं. आडनाव ओळखीचं वाटलं ना? इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडनचा हा सख्खा थोरला भाऊ. हिमालयात भरपूर हिंडलेला. १९३७ साली एरिक शिप्टनबरोबर काराकोरममध्येही होता. कवी भावाने एका गिर्यारोहकावरचं नाटक याला अर्पण केलं आहे. बायको कलकत्त्याची चित्रकार, काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांची नात. एवढा सगळा माणूस आपल्या गावाच्या मागच्या डोंगरांकडे बघत उभा राहिला होता, ही गोष्ट शाळेत कुणी सांगितली असती तर भूगोलाचा तास जरा बरा गेला असता.

हा बाक म्हणजे काय, ते खिडकीतूनही दिसतं. मुंबईहून लोणावळ्याकडे जाताना खंडाळ्याच्या घाटात सह्याद्रीचे काळे थर पाहा. एकावर एक, आडवे, जवळजवळ सपाट. माथेरानच्या कड्यातही तसेच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोंढे एकामागून एक पसरत गेले, त्याची ही थप्पी. आता तेच थर पश्चिमेला शोधत या. पनवेलच्या पट्ट्यात ते समुद्राच्या बाजूला झुकू लागतात. मुंबई बेटावर ते दहा-पंधरा अंशांनी पश्चिमेला कललेले आहेत आणि काही ठिकाणी उतार याहून बराच तीव्र आहे. वह्यांची थप्पी टेबलाच्या कडेला ठेवली आणि अर्धी बाहेर आलेली बाजू खाली लवली, तसं काहीसं.

टेबलाची कड कुठून आली? लाव्हा ओतून झाल्यावर थोड्याच काळात (भूशास्त्रातला 'थोडा काळ', म्हणजे वीस-तीस लाख वर्षं) भारताची पश्चिम कड तुटली आणि आज हिंदी महासागरात असलेला सेशेल्सचा तुकडा आपल्यापासून सुटून गेला. त्या ओढाताणीत किनारपट्टी ताणली, भेगाळली, खचली. हा बाक दुमडल्यामुळे झाला की खाली भ्रंश सरकल्यामुळे, यावर अभ्यासकांची जुंपलेली आहे. आयआयटी मुंबईचे हेतु शेठ यांनी १९९८ साली भ्रंशाच्या बाजूने मांडणी केली. मला ती पटते. पण माझ्या पटण्याला काही वजन नाही, मी मेकॅनिक्सच्या पेपरात काठावर पास झालेली मुलगी आहे.

मला त्या रात्री जागं ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या या भेगाळलेल्या पट्ट्याचा नकाशा आणि कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांचा नकाशा शेजारी शेजारी ठेवला, की झरे एका रांगेत उभे दिसतात. पालघरकडे कोकनेर, हालोली, सातिवली. मग तानसा नदीच्या काठी अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरी. मग आपल्या रायगडात पालीजवळ उन्हेरे, महाडजवळ सव. पुढे रत्नागिरीत उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूरचं उन्हाळे. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधून, उत्तर-दक्षिण, तीनशेहून अधिक किलोमीटर. जणू कुणीतरी जमिनीला शिवण घातली आणि टाके मध्ये मध्ये उसवले.

यातल्या गावांची नावं मोठ्याने वाचा. उन्हेरे. उन्हवरे. उन्हाळे.

संस्कृतात उष्ण, प्राकृतात उण्ह, मराठीत उन्ह आणि ऊन. उन्हाळा त्यातलाच. शहरी मराठीत आता ऊन म्हणजे फक्त सूर्यप्रकाश उरला आहे, पण माझी आजी अजून 'ऊन पाणी काढ' म्हणते आणि भात 'ऊन ऊन' वाढते. गुजरातीत गरम या अर्थी 'ऊनुं' आजही रोजच्या वापरातला शब्द आहे. म्हणून मी एक उद्योग केला. महाराष्ट्रातल्या गावांची यादी उतरवून घेतली आणि 'उन' आणि 'उन्ह' अक्षरांनी सुरू होणारी नावं गाळून काढली. चार ओळींचा कोड, काही विशेष नाही. पण निकाल बघण्यासारखा होता. जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव: गरम पाण्याचा झरा. नांदेड जिल्ह्यात किनवटकडे उनकेश्वर: गरम पाण्याचा झरा. नकाशा जरा वर सरकवला तर गुजरातेत वांसद्याजवळ उनाई: तिथेही तेच. या गावांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पनवेलच्या बाकाशी तर नाहीच. सातपुड्याची भेग वेगळी. पण ज्यांनी नावं ठेवली त्यांनी सगळीकडे एकच निरीक्षण नोंदवलं, की इथलं पाणी ऊन आहे. सरकारी सर्वेक्षणाच्या कित्येक शतकं आधीचं हे सर्वेक्षण आहे आणि त्याचा डेटाबेस म्हणजे गावांची नावं.

छापील सर्वेक्षण फार उशिरा आलं. १८६४ साली रॉबर्ट श्लागिंटवाइट या जर्मन प्रवाशाने हिंदुस्थानातल्या उष्ण झऱ्यांची गणती प्रसिद्ध केली. मग थॉमस ओल्डहॅम, जीएसआयचा पहिला प्रमुख. त्याने आयुष्यभर जमवलेल्या टिपणांतून 'हिंदुस्थानातले उष्ण झरे' असं पुस्तकच तयार झालं, पण ते पाहायला तो उरला नाही. त्याच्या मुलाने, आर. डी. ओल्डहॅमने, ते संपादून १८८२ साली छापून आणलं. तीनशेच्या आसपास झरे त्यात आहेत. याच मुलाने पुढे १९०६ साली भूकंपाच्या लहरी तपासून पृथ्वीला गाभा आहे असं दाखवलं. बाप पृथ्वीच्या पोटातून येणारं पाणी मोजत होता, मुलाने पोटच मोजलं.

गंमत अशी की एवढं सगळं नोंदवूनही इंग्रजांनी कोकणात एकही 'बाथ' उभारलं नाही. त्यांच्या देशात रोमनांच्या काळापासून बाथ नावाचं अख्खं शहर पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांच्या झऱ्यावर जगत आलं आहे. इथे मात्र त्यांनी १८५०च्या मे महिन्यात माथेरान शोधलं. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट वर चढून गेला आणि गार वारा लागल्यावर हरखला. १९०७ साली पीरभॉय कुटुंबाने नेरळहून वर छोटी रेल्वेही नेली. मे महिन्याच्या घामात गरम पाण्यात उतरायची कल्पना त्यांना सुचली नसेल तर दोष देता येत नाही. त्यामुळे झरे राहिले ते आपल्याच लोकांकडे: देवळांकडे, गावांकडे, संधिवाताने आणि खरजेने गांजलेल्यांकडे.

आता पाणी गरम का, याबद्दल. मी ज्या ज्या झऱ्यावर गेले तिथे एक तरी काका सांगतात, की खाली ज्वालामुखी अजून धगधगतोय. दुसरं मत गंधकाचं, म्हणजे खाली गंधक पेटलेलं आहे. वज्रेश्वरीला तिसरं मत आहे: देवीने मारलेल्या राक्षसांचं ते रक्त. तिसरं मला सगळ्यात आवडतं, पण गणित यातल्या कशालाच साथ देत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा केव्हाच थंड झाला. काही मीटर जाडीचा लोंढा थिजायला वर्षं पुरतात, कोटी वर्षं लागत नाहीत. आणि गंधक म्हणाल तर कोकणातल्या बऱ्याच झऱ्यांच्या पाण्यात विश्लेषणाला ठळक सापडतं ते मीठ: सोडियमचं आणि कॅल्शियमचं क्लोराइड. म्हणून तर जीभ लावली की पाणी किंचित खारट लागतं.

खरं कारण साधं आहे, आणि मला ते राक्षसाच्या रक्ताइतकंच विलक्षण वाटतं. जमिनीत खाली जाल तसं तापमान वाढतं, दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंश. सह्याद्रीवर पावसाळ्यात पाणी कोसळतं. त्यातलं थोडं भेगांमधून खाली उतरत राहतं. वर ते सत्तावीस अंशांना होतं असं धरा. दीड किलोमीटर खाली गेलं की सत्तरच्या घरात. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याचं पाणी साधारण सत्तर अंशांचं आहे, तुरळचं साठीच्या आसपास, उन्हेरे आणि राजापूरचं बेचाळिशीच्या जवळपास, म्हणजे अंगाला सोसेल इतकं. वर येताना पाणी निवतं, म्हणजे प्रत्यक्षात ते याहून खोल जाऊन आलेलं असणार. विरघळलेल्या सिलिकावरून अंदाज बांधणारे सांगतात की खाली ते शंभर अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापलेलं असावं. कोयनेच्या परिसरात अलीकडे खोल विवरं घेतली, तेव्हा एका विवरात नऊशे तीसेक मीटरांवर बेसाल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइटसारखा त्याहून कितीतरी प्राचीन खडक लागला. म्हणजे कुंडात आपण ज्या पाण्यात पाय सोडतो ते कदाचित अख्ख्या सह्याद्रीच्या काळ्या थरांखाली डोकावून आलेलं आहे. मूळचं पावसाचं पाणी. खाली गेलं, तापलं, हलकं झालं, भेग सापडली तिथून वर आलं.

जाता जाता: जपानमध्ये १९४८च्या कायद्यानुसार उगमापाशी पंचवीस अंश किंवा अधिक तापमानाचं पाणी असलं की ते 'ओन्सेन', म्हणजे उष्ण झरा ठरतं. या हिशेबाने पनवेलमधली बहुतेक प्रत्येक विहीर ओन्सेन आहे. सोसायटीच्या बोअरवेलवर तशी पाटी लावायला हरकत नाही, फ्लॅटचे भाव वाढतील.

झऱ्यांभोवतीच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली गोष्ट वज्रेश्वरीची. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वेढा घातला तेव्हा किल्ला काही केल्या पडेना. परंपरा सांगते की त्यांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला, वसई मिळाली तर देऊळ बांधीन. मे महिन्यात वसई पडली आणि किल्ल्यासारखी तटबंदी असलेलं देऊळ उभं राहिलं. विजयाबरोबर मराठ्यांच्या हाती चर्चमधल्या घंटाही लागल्या आणि त्या निरनिराळ्या देवळांना वाहिल्या गेल्या. अशीच एक घंटा पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळात आहे, वसईच्या मोहिमेत मिळालेली म्हणून ती दाखवतात. म्हणजे वज्रेश्वरीचे झरे आणि उन्हेऱ्याचे झरे जमिनीखालून एका पट्ट्याने जोडलेले आहेत आणि जमिनीवरून एका लढाईने. पालीला घंटा बघायला जाणारे बरेच लोक तीनच किलोमीटरवरच्या उन्हेऱ्याला जात नाहीत, ते सोडा.

पण देऊळ आलं की प्रश्न येतो, आणि या लेखाला मी खरं तर त्या प्रश्नासाठीच बसले. कुंडात उतरायचं कुणी?

माझी आजी महाड तालुक्यातल्या एका गावची. आमची आळी गावाच्या खालच्या अंगाला. ज्यांना कळायचं त्यांना यातून कळेल. तिच्या लहानपणी तिच्या वडिलांच्या अंगावर चट्टे उठले होते आणि कुणीतरी गरम पाण्याच्या झऱ्यावर न्यायला सांगितलं. ते गेले. झरा कुठला ते मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे आज असं काही नाही आणि तिथल्या लोकांना मला बोल लावायचा नाही. त्यांना कुंडात उतरू दिलं नाही. कुंड भरून वाहिलं की पाणी पाटाने खाली शेताकडे जायचं, त्या पाटावर त्यांनी बसायचं. आजी सांगते, "आम्ही गेलो की आधी हात घालून बघायचो, ऊन आहे का निवलं." उगमापासून जितकं दूर, तितकं पाणी कोमट. इंजिनिअरला यात उष्णतेचं साधं समीकरण दिसतं. समाजाची उतरंड पाण्याच्या तापमानात मोजता येते, हे मात्र मला कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं.

मग मी कायदे आणि तारखा शोधू लागले, आणि रायगड जिल्ह्याचा नकाशा माझ्यासाठी पुन्हा एकदा बदलला.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे: आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा, मारहाण, आणि नंतर तळ्याचं 'शुद्धीकरण'. प्रकरण कोर्टात गेलं. तळं सार्वजनिक नाही, इतरांना मज्जाव करायची इथे पुरातन वहिवाट आहे, असा दावा होता. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. तो बाबासाहेबांच्या बाजूने लागला. एका तळ्याच्या घोटभर पाण्यासाठी दहा वर्षं.

सवचे झरे याच महाडपासून थोड्या अंतरावर, सावित्रीच्या काठी. चवदार तळ्याचं पाणी गार, सवचं ऊन, आणि दोन्ही एकाच तालुक्यात. पण बोले ठराव दोन्हींना सारखा लागू होतो का? ठराव सरकारी पैशाच्या पाणवठ्यांबद्दल बोलतो. झरा कुणी बांधलेला नसतो. त्याच्याभोवतीचं कुंड गावाने किंवा एखाद्या भाविकाने बांधलेलं, शेजारी देऊळ. मग ते कुंड पाणवठा की देवळाचा भाग? नळ, विहीर, तळं यांची लढाई निदान सरळ होती. तहान सगळ्यांना कळते. तीर्थाच्या पाण्यावर मात्र देवाचं नाव लागतं आणि नाव लागलं की दार लागतं.

उन्हेऱ्याची गोष्ट तर आणखी पुढची. आज पाली आणि महाड एकाच जिल्ह्यात आहेत. तेव्हा नव्हते. महाड ब्रिटिशांच्या कुलाबा जिल्ह्यात (रायगड हे नाव १९८१ साली आलं), आणि पालीसकट सुधागड तालुका भोर संस्थानात. घाटावर भोरला बसलेले पंतसचिव घाटाखालच्या या तालुक्याचे राजे. मुंबई विधिमंडळाचा ठराव संस्थानाच्या हद्दीवर येऊन थांबायचा. म्हणजे १९२३ साली कोकणातल्या एखाद्या माणसाला गरम पाण्याच्या कुंडात उतरायचा हक्क मागायचा असता, तर आधी विचारावं लागलं असतं, की झरा कुठल्या राज्यात फुटलाय? जमिनीखालच्या भेगेला हे ठाऊक नव्हतं.

हे सगळं एका रेषेत आलं ते पुढच्या तीन वर्षांत. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. १९४८ साली भोर विलीन झालं. आणि २६ जानेवारी १९५० ला संविधान आलं, त्यातलं पंधरावं कलम. आपण शाळेत ते 'भेदभावास मनाई' एवढंच पाठ करतो. त्याचा दुसरा भाग एकदा नीट वाचा. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते: ज्यांना सरकारी पैसा लागतो किंवा जे सर्वसामान्य लोकांसाठी अर्पण केलेले आहेत, त्यांच्या वापरावर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून बंदी घालता येणार नाही. स्नानाचे घाट! संविधानाच्या मूलभूत हक्कांत आंघोळीच्या जागेचा उल्लेख आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांना कुंडं, घाट आणि खालचा पाट चांगलेच माहीत होते. बोले ठरावातला 'सरकारी पैसा' इथेही आहे, पण त्याला 'लोकांसाठी अर्पण केलेले' हे शब्द जोडले गेले, आणि त्या दोन-तीन शब्दांत गावोगावची कुंडं आत आली.

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी मी आजीला उन्हेऱ्याला घेऊन गेले. पनवेलहून खोपोली, तिथून जांभूळपाड्यावरून पाली, सत्तर-ऐंशी किलोमीटर. जांभूळपाड्याला आजीने हात जोडले. जुलै १९८९च्या पुरात अंबा नदीने इथे जे केलं ते त्या पिढीच्या अंगावर अजून काटा आणतं. पालीत शिरताना सरसगडाचा कातळ डोक्यावर येतो. तेही आडवे थर. मी तिला थर दाखवले, ती म्हणाली, "बघ बाई, तुला काय दिसतं ते."

उन्हेऱ्याला पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजत होते. गार हवेत पाण्यावर वाफ दिसत होती. शेजारी विठ्ठलाचं देऊळ. गर्दी बरीच: अष्टविनायकाची बस, ट्रेकवरून उतरलेली पाच-सहा कॉलेजची मुलं, गुडघे चोळत बसलेल्या दोन आजीबाई आणि साबणाच्या वड्यांची रिकामी कागदं. त्या कागदांबद्दल मला रागाने लिहायचं होतं. दीड किलोमीटर खडकातून गाळून आलेल्या पाण्यात लोक कपडे खळबळतात. पण तेवढ्यात आजीने साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि काठावर बसून पाय पाण्यात सोडले, वरच्या कुंडात, जिथे पाणी सगळ्यात ऊन असतं तिथे. कुणी काही विचारलं नाही. विचारायचं कुणाच्या मनातही नव्हतं. शेजारच्या आजीबाईंनी सरकून जागा दिली आणि लगेच गुडघ्यांची चौकशी सुरू झाली, डावा जास्त दुखतो का उजवा.

पाच मिनिटांनी आजीने मला हाक मारली. "फार कढत आहे ग इथं," ती म्हणाली. "खाली जरा बरं असेल." मी म्हटलं, "आजी, थोडा वेळ बस. सोसतं मग." ती बसली. अर्धा तास बसली, पायांचा रंग लाल होईपर्यंत. मग बाहेर आल्यावर तिने कुंडाभोवती एक चक्कर मारली, पाणी कुठून बाहेर जातं ते शोधून काढलं, आणि वाकून त्यात हात घातला.

"निवलंय," ती म्हणाली.

नंतर आम्ही पालीला गेलो, बल्लाळेश्वराचं दर्शन घेतलं, घंटा पाहिली, आणि दुपारी ऊन चढायच्या आत परतीला लागलो.